जिन्यावर सांडलेला चीक

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. मुलाजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते, तिथेही हे मनात आले की मी वात सारखी करते आणि उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायचे तर त्याचा चेहरा बघावा लागतो.

मी चौथी शिकले. लिहिताना वाकडेतिकडे जाईल, मधेच थांबेन. चालवून घ्या.

आधी छातीचे सांगते. त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

माझे हृदय ताल सोडून चालते. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. सून ते बरोबर म्हणते, मला जमत नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट काम करत नाहीत, नुसते थरथरतात — डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले. मला चित्राची गरज नव्हती. टोपलीखाली कोंबडी झाकावी आणि ती आत फडफडत राहावी, तसे वाटते. कधी थोडा वेळ, कधी अर्धा दिवस. मग फडफड एकदम थांबते. पण थांबल्यावर नीट ठोका लगेच पडत नाही. मधे काहीच नसते. मग एक जोराचा ठोका, आतून कोणी लाथ मारावी असा, आणि गाडी पुन्हा सुरू. त्या मधल्या काहीच-नाहीला डॉक्टर पॉज म्हणतात.

मी त्याला उसंत म्हणत असे. मनातल्या मनात.

भीती वाटायची का? नाही. पहिल्यांदा झाले तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. डोळ्यांपुढे अंधार येतो म्हणतात, मला उजेड आला. ताकासारखा, पांढुरका. स्वयंपाकघरातले आवाज लांब गेले. आणि मी रामटेकला. माझे माहेर तिकडचे, धानाच्या शेतांतले. रोवणीच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी भरून ठेवतात, तेव्हा सगळे आभाळ त्या पाण्यात उतरलेले असते. मी त्या पाण्यात उभी होते. पोटऱ्यांपर्यंत. खालचा चिखल कोमट. टेकडीवरचे देऊळ पाण्यात उलटे, जरासे हलणारे. कोणी हाक मारत नव्हते. मला काही करायचे नव्हते — न भाकरी, न धुणे, न कोणाला उत्तर द्यायचे. असे माझ्या आयुष्यात कधी झाले होते का? मला तरी आठवत नाही.

मग लाथ बसली आणि हातात मेथीची जुडी होती.

देव दिसला नाही. गेलेला नवराही दिसला नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी त्याचे कीर्तन करायचे.

असे अधूनमधून होऊ लागले. कोणाला कळत नसे. बसलेली असले तर मान थोडी खाली जाई, एवढेच. सून हसे. ‘आई, पेंगून राहिल्या का?’ मी म्हणे, ‘हो वं, म्हातारी झाली ना मी.’ डॉक्टरकडे गेले नाही. गेले असते तर त्यांनी उसंत बंद केली असती — हे मला तेव्हाही कळत होते. एवढे कळायला चौथी पुरते.

आता सुनेचे. अर्चना. जरीपटका वस्तीत मागच्या गल्लीत आमचे घर आहे, खाली दोन खोल्या, वर गच्ची, बाहेरून अरुंद जिना. मुलगा ट्रकवर, आठवडेच्या आठवडे बाहेर. घरात आम्ही दोघीच. तिला मूलबाळ नाही. त्यावरून मी तिला कधी बोलले नाही. हे माझे पुण्य समजू नका, मला त्याचे काही वाटतच नव्हते. पोरगी चपळ होती, तोंडाने गोड होती, आणि कामाला वाघ. मला ती आवडत असे. अजून आवडते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून तुम्हाला वाटेल की मनात काही डूख होता. नव्हता. डूख असता तर मला समजले तरी असते.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तिला धरमपेठेत साड्यांच्या दुकानात काम मिळाले होते. काउंटरमागे उभे राहून साड्या उलगडून दाखवायच्या. मुलाने तोंड वाकडे केले. मीच त्याला म्हटले, ‘जाऊ दे ना तिले. काहून अडवतो? माझं तोंड पाहू पाहू कंटाळली असन थे.’ त्या दिवशी तिने दुपारी आरशासमोर उभे राहून माझी लग्नातली साडी खांद्यावर टाकून पाहिली, गिऱ्हाइकाला दाखवतात तशी. ‘ह्या कलरमध्ये अजून दोन येतात, ताई.’ आम्ही दोघी खूप हसलो.

कामाला लागायच्या आधी म्हणाली, ‘आई, कुरडया घालून टाकू. मग मले टाइम नाही भेटणार.’

कुरडयांचे काम एकटीचे नाही. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, आणि पहाटे तो मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवायचा. तो गरम असतानाच सोऱ्यातून पिळावा लागतो. निवला की दगड. म्हणून चुलीवरून उतरवला की गंज लगेच गच्चीवर न्यायचा. दोघींनी, दोन्हीकडून फडक्यांनी धरून. माझ्या सासूपासून आमची एक रीत होती. मोठी बाई वरच्या पायरीवर, लहान खालच्या. वरचीला पायऱ्या दिसतात, खालचीला फक्त गंज दिसतो. म्हणून खालची काही ठरवत नाही. वरची म्हणते ‘टेक’, की दोघींनी गंज पायरीवर टेकवायचा, दम घ्यायचा, मग पुन्हा उचलायचा. खालची आपल्या मनाने ना थांबते, ना चालते. तिने वरचीवर विसंबायचे असते.

मी वर होते.

जिन्याच्या मध्यावर गंज कलंडला. सगळा चीक तिच्या डाव्या पायावर गेला, गुडघ्यापासून बोटांपर्यंत. चीक पाण्यासारखा वाहून जात नाही. चिकटतो. तिने तो हातांनी ओरबाडायचा प्रयत्न केला, तर हातही भाजले. आणि त्या अवस्थेत ती काय म्हणाली असेल? ‘आई, तुम्हाले तं नाही ना लागलं?’

आणि मी काय म्हटले?

‘किती घाई वं तुले! हळू चाल, हळू चाल, सांगून राहिली होती ना मी!’

मी सांगितले नव्हते. एकदाही नाही. शेजारची सिंधी बाई ‘पानी डालो, अरे खड़ी क्या हो, पानी डालो!’ म्हणत धावत आली आणि तिने बादल्यांवर बादल्या ओतल्या. मी रिकामा गंज धरून वर उभी होते आणि बोलत होते. घाई, घाई. शेजारणीने ऐकले. संध्याकाळपर्यंत गल्लीने ऐकले. मुलगा आला तेव्हा त्याला तिला बोलायला आयतेच मिळाले.

तिच्या मांडीची कातडी काढून पायाला लावावी लागली. बोटे आखडली. उभे राहिले की पाय सुजतो. दुकानाने दुसरी मुलगी घेतली. कोण थांबणार? आता ती घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते, मशीनचे पायडल उजव्या पायाने मारते. हळदीकुंकवाला जाते तेव्हा पाय साडीखाली ओढून बसते.

पण खरे वाईट ते नाही. खरे वाईट हे — ती माझी माफी मागू लागली. ‘माझ्याच घाईनं झालं, आई. तुम्ही तं सांगून राहिल्या होत्या.’ पहिल्यांदा मला वाटले, मला बरे वाटावे म्हणून म्हणते. मग कळले की तिला खरेच आठवते. मी न बोललेले शब्द तिला ऐकू येऊ लागले होते. इतके विसंबायचे कोणावर?

वर्षे गेली. गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीत पडले, तेव्हा छातीचे बाहेर आले. छातीला वायरी चिकटवल्या, दिवसरात्रीचा आलेख काढला. डॉक्टरांनी कागद लांब उलगडला — रेघ दाटीवाटीने चाललेली, मग सपाट, मग पुन्हा सुरू. त्या सपाट रेघेकडे मी बघतच राहिले. म्हटले, असे दिसते काय ते कागदावर.

त्यांनी विचारले, ‘आजी, हे असं कधीपासून होतंय?’

अर्चना शेजारी बसली होती, माझी फाइल मांडीवर घेऊन.

मी म्हटले, ‘यंदाच्या दिवाळीनंतर.’

डॉक्टर म्हणाले, म्हातारी माणसे बरेचदा लपवतात. तर ही पोरगी लगेच म्हणाली, ‘आमच्या आई नाही लपवत, साहेब. जे आहे ते तोंडावर बोलतात.’ कौतुकाने म्हणाली. डॉक्टर हसले. मीही हसले.

मग यंत्र बसवले. कातडीखाली, खांद्याजवळ, आगपेटीएवढे. हृदय थांबू लागले की ते आतून टोचते आणि ठोका पाडते. फडफड अजून होते, तिच्या गोळ्या वेगळ्या. रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यामुळे दाराची कडी लागली तरी हात जांभळा होतो. त्या दिवसांत डावा हात वर करायचा नव्हता, तर अर्चना माझी वेणी घालायची. मागे उभी राहून. एका पायावर भार देऊन. मी म्हणे, ‘बस ना वं.’ ती म्हणे, ‘बसून भांग वाकडा होते.’

आता तुम्ही म्हणाल, बाई, यात तुझा काय दोष? जिन्यावर पॉज आला, हातातले बळ गेले. आजार तो. खोटे बोललीस ते वाईट, पण घाबरून बोललीस.

मीही स्वतःला हेच सांगत आले. आणि इतका वेळ मी त्याच्याच भोवती फिरते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

घाबरून नाही. ऐका.

त्या पहाटे चीक हाटतानाच फडफड सुरू झाली होती. जिना चढायला लागलो तेव्हाही होती. मध्यावर आलो — आणि ती थांबली. फडफड थांबली की उसंत येणार, हे मला माझ्या नावासारखे माहीत होते. पण दोन्हींच्या मधे जरा जागा असते. एक शब्द मावेल एवढी. ‘टेक’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. जीभ टाळूला लागलेली मला आठवते.

पण बोलले असते तर वाकावे लागले असते. गंज टेकवायचा, हिने विचारायचे, काय झाले, बरे नाही का, पाणी आणू का. असे मधे काही झाले की कधी कधी उसंत निघून जात असे. डोळ्यांसमोर उजेड यायला लागला होता. पाण्याची कड दिसत होती. मला वाटले, हात धरून राहतील. मेथीची जुडी राहिली होती ना हातात?

मी गप्प राहिले. मला जायचे होते.

आणि मी गेले. भिंतीला पाठ लागली म्हणून पडले नाही. बांधीत उभी होते, कोमट चिखलात, देऊळ पाण्यात हलत होते, कोणी हाक मारत नव्हते. आणि ती पोरगी माझ्या खाली दोन पायऱ्यांवर जळत होती. लाथ बसली तेव्हा मला तिची किंकाळी आधी ऐकू आली नाही. आधी मला चीड आली — परत आल्याची. ती चीड घेऊनच मी तिच्यावर ओरडले.

यंत्र बसवल्यापासून उसंत आलेली नाही. येणारही नाही. मला तिची आठवण येते. एवढे होऊनही येते.

परवा अर्चना गहू निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, ‘आई, आता तुमची तब्येत पण ठीक आहे. यंदा घालू का थोड्याशा कुरडया? मी बिलकूल घाई नाही करणार.’

मी म्हटले, ‘बरं.’