आठ-सतरा म्हणजे कोण?

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर एवढी दुनिया पाहूनही नावावर काडीचा भरवसा न ठेवणारा माणूस मला एकच भेटला: आमचे जावई. गाव खुटबाव, कुरकुंभच्या एका कंपनीत संगणकांची देखभाल करतात. माणूस लाखात एक, पण झोपेत चालल्यासारखा. घास हातात असतो आणि नजर पार उसाच्या शेंड्यावर. एकदा मी त्यांना आमच्या केंदुरातच बाळासाहेबांकडं निरोप घेऊन धाडलं. दुपार कलल्यावर निरोप तसाच घेऊन परत! "मामा, गावात चार बाळासाहेब हायेत. घराणं कुठलं आन् त्या घरातला कितवा, एवढं सांगा. अंदाजानं देऊ व्हय निरोप?" पंगतीतही तेच. "पहिला बसला तो ए, दुसरा बी. उद्या दुसराच कोणी आधी आला की तो ए. नाव जागेचं असतंय, माणसाचं न्हाई." वाढपी भाताची बादली धरून ताटकळलेला, आणि ह्यांचं चाललंय.

हे खूळ संगणक चालवणाऱ्या त्यांच्या लिनक्स प्रणालीतलं. तसला एक संगणक त्यांनी आमच्याही घरी आणून ठेवला. त्यात डिस्कांची नावं ए, बी, सी अशी ओळीनं, जशा हजर होतील तशी. पण आतलं यंत्र बोलतं ते आकड्यांच्या जोडीनं. पहिला आकडा घराण्याचा, असल्या डिस्कांचा आठ; दुसरा त्यातल्या मेंबराचा. मोजणी शून्यापासून आणि एकेका डिस्कच्या वाट्याला सोळा आकडे, म्हणून दुसरीचे सोळापासून सुरू: सोळा म्हणजे अख्खी डिस्क, सतरापासून तिचे तुकडे. हे सगळं त्यांनी मला हुरडा खाता खाता सांगितलं आणि मी मान डोलावली. जावयापुढं 'कळलं नाही' म्हणणाऱ्यातला मी नव्हे.

त्याच संगणकात माझा सर्जा होता, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, पळतानाचा. बैल गेला, मागं तेवढं शूटिंग राहिलं, आणि ते दुसरीकडं कुठंच नव्हतं. एका सकाळी ते लागेना. पडद्यावर तक्रार: आठ-सतरा वाचता येत नाही. जावई सुट्टी टाकून आले. "आठ-सतरा म्हंजी बी डिस्कचा पहिला तुकडा. तीच आजारी हाय," म्हणाले. मग संगणक बंद करून सोबत आणलेली नवी डिस्क आत बसवली, पुन्हा चालू केला. आता आजारी डिस्कवरचं नवीवर ओतायचं. उलटं ओतलं तर कोरेपण सर्जावर फिरणार आणि तो कायमचा पुसला जाणार.

"बीवरनं सीवर ओता," मी म्हणालो. "बी आजारी. मघाशी तुम्हीच म्हणालात."

"मामा, ते मघाशी."

"तासाभरात पालटायला ती काय पुढारी हाय?"

"पाव्हणं, ह्यांचं ऐकू नका बरं," आतून ही ओरडली. "ह्यांनी धरलं की सुटत न्हाई!"

जावई हसलेसुद्धा नाहीत. आज कोणत्या आकड्याला कोणतं नाव, ते त्यांनी यंत्रालाच विचारलं, मग डिस्कच्या अंगावर छापलेला कंपनीचा नंबर ताडून पाहिला. नवी आधी हजर झाली होती, बी तीच. आमची सरकून सी झाली होती, आणि आठ-सतराची आठ-तेहतीस.

"आकडा आन् नाव, दोन्ही आजच्यापुरतं, मामा. यंत्र झोपलं की नातं सुटलं. उठल्यावर परत ओळख करून घ्यायची."

माझं म्हणणं मघापुरतं बरोबरच होतं, हे मी त्यांना सुनावलं. ते "व्हय" म्हणाले आणि ओतायला बसले.

उन्हं उतरल्यावर सर्जा पडद्यावर आला. धूळ, भंडाऱ्याचा पिवळा धूर, आणि त्यातून मान खाली घालून येणारा तो. खुरं जमिनीला लागतच नव्हती जणू. शर्यत संपते तिथलं निशाण समोर दिसू लागलं आणि चित्र थिजलं. पुढचा तुकडा डिस्कनं गिळला होता. जावयांनी ते दोनदा पहिल्यापासून लावून पाहिलं, दोन्ही वेळा तिथंच थिजलं.

"एवढंच आलं, मामा," ते म्हणाले.

"राहू द्या. पुढचं मला ठाव हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते उठायच्या आत, मी घाटात गेलो. चित्र थांबलं होतं ती जागा हुडकली आणि तिथून निशाणापर्यंतचा उरलेला घाट चालत चढलो.