मधूची गाडी आत घेताना

रूपरावांनी आयुष्यात मोटार चालवली ती एकंदर तीस हात. पंधरा पुढे आणि पंधरा मागे. आर्वीतल्या आमच्या गल्लीतला कडुनिंब आणि त्यांच्या घराला लागून असलेलं टिनाचं गॅरेज, यापलीकडे ती गाडी त्यांच्या हातून कधी गेली नाही. पण त्या तीस हातांसाठी हा माणूस महिनाभर घाम गाळत होता. त्यातला बराचसा घाम माझ्या भिंतीच्या कामी आला, कारण गॅरेजची एक बाजू त्यांच्या घराची आणि दुसरी माझ्या घराची.

आम्ही त्याला गॅरेज म्हणायचो. रूपराव कोठाच म्हणत, कारण पूर्वी तिथं त्यांचे बैल आणि बंडी असायची. नाल्याकाठी त्यांचं तीन एकर वावर होतं. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, टमाटे. पहाटे भाजीची बंडी भरून बाजारात न्यायची, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. माणूस भरलेल्या पोत्यासारखा रुंद, चालताना दोन्ही हात अंगापासून दूर. बोलणं कमी. बोलले तर बैलांशी जास्त आणि बायकोशी, मनकर्णाबाईंशी, त्याहून कमी, असं मनकर्णाबाईच सांगायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा मधुकर. त्याला वावरात गोडी नव्हती, इंजिनात होती. ऐंशी साली त्यानं नागपूरहून जुनी अॅम्बेसेडर घेतली आणि आर्वी ते पुलगाव प्रवाशांच्या सीटा मारायला लागला. तो गाडी आणायला गेला त्या चार दिवसांत रूपरावांनी पोराला चकित करायचं ठरवलं. बैल आणि बंडी वावरात हलवली आणि कोठ्याच्या जागी टिनं टाकून मोटारीसाठी खोली बांधली. माप कुठून घेतलं? बस स्टँडजवळ कुणाची तरी अॅम्बेसेडर उभी होती, तिला बैलाचा कासरा लावून. या चाकापासून त्या चाकापर्यंत कासरा, वर दोन्हीकडून एकेक वीत. बंडीचं माप असंच घेतात. बंडीतून माणूस पुढून उतरतो नाहीतर मागून. बाजूनं दार उघडून उतरणारी बंडी कुणी पाहिली आहे?

मधू गाडी घेऊन आला. गॅरेज पाहिलं. बापाकडे पाहून म्हणाला, "बाबा, एकदम बराबर बनवलं." आणि दोन वर्षं तो रोज त्यात गाडी ठेवत गेला.

ब्याऐंशीच्या भाद्रपदात तो एका संध्याकाळी पुलगावहून ताप घेऊनच आला. गाडी दारासमोर कडुनिंबाखाली लावली. आईला म्हणाला, "उद्या घेतो आत, आज अंगात दम नाई." कावीळ होती. डोळे पिवळे दिसले तेव्हा उशीर झाला होता. शेजारच्या जीपमधून त्याला वर्ध्याला नेलं, आणि पाचव्या दिवशी त्याच जीपमधून परत आणलं. सव्वीस वर्षांचा होता. मुली पाहणं चालू होतं.

गाडी तिथंच राहिली. दसरा गेला, कोजागिरी गेली, दिवाळी आमच्या गल्लीत कुणी धड केली नाही. तिच्यावर कडुनिंबाचा पाला साचला, मग धूळ बसली, एका कोंबडीनं मागच्या चाकाशी आपलं घर मांडलं. गाडी विकायची गोष्ट कुणी काढली की रूपराव उठून वावरात जात. आणि मनकर्णाबाईंची वेगळीच तऱ्हा. सकाळी दार उघडलं की समोर गाडी. त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "आला का रे." दरवेळी. मग त्या तिथंच उंबऱ्यावर बसून जायच्या. फाल्गुनात एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि ते भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "अजी, इकू नोका. पर माह्या डोयासमोरून ती आत तरी ठेवा. रोज सकायी माहं लेकरू येते आन् रोज सकायी जाते. किती दिवस पाहू मी हे?"

एवढंच काम होतं. गाडी आत घ्यायची.

गल्लीतच बबनराव राहत होते. एसटीतून नुकतेच निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते म्हणाले, "दोन मिनिटाचं काम हाय. किल्ली द्या."

रूपरावांनी किल्ली दिली नाही. "तिथं दुसरं कोनी बसनार नाई," ते म्हणाले. "मी बसीन. तुम्ही शिकवा."

"तुम्हाले शिकवू? रूपरावजी, तुमी जलमात सायकल नाई चालवली."

"म्हनून त म्हनून राह्यलो, शिकवा."

आणि शाळा सुरू झाली. बबनरावांनी बॅटरी चार्ज करून आणली, चाकांत हवा भरली, कोंबडीला समजावून काढलं. स्वतः गाडीबाहेर, खिडकीत हात टेकून उभे. आत रूपराव, धोतर सावरून, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून, जणू कासरे आहेत. पहिल्याच दिवशी गाडी पुढे सरकली तशी त्यांनी ती थांबवायला स्टिअरिंग छातीशी ओढलं आणि म्हणाले, "होऽ, होऽ." गाडी थांबली नाही. ती कडुनिंबाशी थांबली.

"रूपरावजी," बबनराव शांतपणे म्हणाले, "हिले कान नाईत. पाय दाबा."

"दाबला ना."

"तो नाई, मधला."

दुसरा वाद गाडीच्या तोंडाचा. बबनराव म्हणत, सरळ तोंडानं आत घाला, सोपं जाईल. रूपराव ऐकायला तयार नाहीत. "बंडीचं तोंड भिताडाकडं करून ठेवत नसतेत. तोंड दाराकडं पायजे. मधूबी तसाच ठेवे."

तेव्हा गाडी उलटी घ्यायची ठरली. ज्यांना उलटी गाडी घेता येते त्यांना यात काही वाटणार नाही. पण पस्तीस वर्षं बैल हाकलेल्या माणसाला मागं पाहायचं, आणि मागं पाहून हात तिसरीकडेच फिरवायचा, हे पटवून देणं म्हणजे आंब्याला वांगी आणणं. बंडी मागं न्यायची तर बैलांना कासरे ओढून मागं सरकवायचं, आपली मान पुढेच. रूपराव मान पुढे ठेवून गाडी मागे नेत, आणि मागचं सगळं देवावर सोपवत. देवानं बहुतेक वेळा माझी गल्लीकडची भिंत निवडली.

बबनरावांनी मग अक्कल लढवली. गल्लीत मोकळ्या जागी गॅरेजच्या मापाच्या दोन ओळी आखल्या आणि त्यावर पऱ्हाट्या रोवल्या. कापसाच्या वाळक्या काड्या त्या. चाक लागलं की कडकन् आवाज. पहिल्या आठवड्यात कडाकड इतकी व्हायची की पलीकडच्या शकुबाई म्हणाल्या, "होयी जवळ आली त बराबर हाय, पर एवढी लाकडं कोन आनते?" दुसऱ्या आठवड्यात निम्म्या पऱ्हाट्या उभ्या राहू लागल्या. माझ्या भिंतीला धक्का बसला की रूपराव गाडीतून उतरत, घरात जात आणि टोपलीभर वांगी घेऊन माझ्या दारात. "मास्तर, आज पुन्हा लागली." मी म्हणे, अहो राहू द्या. ते टोपली ठेवून जात. त्या महिन्यात आमच्या घरी वांग्याची भाजी, वांग्याचं भरीत, आणि बायकोनं मला एकदा विचारलंही, भिंतीचं एक बरं आहे, पण तुमच्या मित्राकडे टमाटे नाहीत का?

हसायचो आम्ही. मनकर्णाबाई हसत नसत. त्या उंबऱ्यावर बसून बघत. गाडी सुरू झाली की तो आवाज त्यांना ओळखीचा असणार. त्या पदर तोंडाशी धरत आणि बघत राहत, नवरा मेहनत करतो आहे ती आपल्यासाठी, हे त्यांना कळत होतं. एकदा मात्र त्या बबनरावांना म्हणाल्या, "भाऊ, जमंल का जी ह्यायले?" बबनराव म्हणाले, "वैनी, डेपोतले पोट्टे मी सहा महिन्यात तयार केले. हे महिन्यात होतीन. ह्यायच्या मनात हाय ना."

आणि खरंच झाले. होळीनंतरच्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, एकही पऱ्हाटी मोडली नाही. तीनदा. बबनराव म्हणाले, "चाला आता, खऱ्या जागी."

गल्ली गोळा झाली. मनकर्णाबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. रूपरावांनी टोपी काढून बाजूच्या सीटवर ठेवली, मान मागं वळवली, आणि गाडी हळूहळू, बैल पाण्यावर न्यावा तशी, आत घेतली. माझी भिंत वाचली. त्यांची भिंत वाचली. मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. दोन्ही बाजूंना जागा अगदी सारखी, एक वीत इकडं, एक वीत तिकडं, मोजून घ्यावी. बंडी उभी करावी तशी मधोमध. इंजिन बंद झालं. मी टाळी वाजवणार होतो.

रूपराव उतरेनात.

दार उघडायचा आवाज आला. वीतभर उघडलं आणि माझ्या भिंतीला टेकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा टेकलं. डावीकडचं उघडून पाहिलं, तेही तेवढंच. ते रुंद शरीर त्या फटीतून निघणं शक्य नव्हतं. काच खाली केली तर समोर भिंत.

"रूपरावजी," बबनराव समोरून म्हणाले, "गाडी सुरू करा आन् बाहीर या. एका आंगाले चिकटवून ठेवा लागते हिले. डाव्या भिताडाले दोन बोटं ठेवाची, मंग इकून निंगाले जागा भेटते. मधू तसाच करे."

काचेतून दिसत होतं, रूपराव उजवीकडे माझ्या भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले, "या भिताडाचा चुना इथं कसा गेला? बाकी जागी हाय."

मी वाकून पाहिलं. त्यांच्या दारासमोर भिंतीवर पाठीच्या उंचीचा एक पट्टा होता. तिथला चुना घासून घासून गेलेला, खालची माती गुळगुळीत झालेली. माझी भिंत, पण मी ती आतून कधी पाहिली नव्हती.

मनकर्णाबाई उंबऱ्यावरून उतरून गाडीच्या नाकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काचेतून नवऱ्याला म्हणाल्या, "त्याच्या सदऱ्याच्या पाठीले रोज चुना राहे. रोज. मी एक दिवस इचारलं, बाबू, कुठी घासत असतं रे? त म्हने, आई, कोठा अरुंद झाला. दार उघडत नाई. भिताडाले पाठ लावून सरकत सरकत निंगा लागते."

रूपराव ऐकत होते.

"मी म्हनलं, मंग बापाले सांग, दोन हात वाढवून देतीन. त म्हने, नाई आई. बाबानं मोठ्या हौसेनं बांधलं. तू बी नोको सांगू."

"दोन साल," रूपराव म्हणाले. आवाज काचेमागून आल्यामुळे बारीक वाटला. "दोन साल तो असा निंगे. मले एका बोलानं सांगतलं नाई."

"मीबी नाई सांगतलं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

तो गेल्यापासून सात महिने झाले होते. रूपराव स्मशानात रडले नाहीत, तेराव्याला रडले नाहीत. आम्ही म्हणायचो, माणूस दगड आहे. आता ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडले आणि त्यांच्या जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायला कुणालाच जागा नव्हती. ती जागाच त्यांनी ठेवली नव्हती. मनकर्णाबाई बाहेर, ते आत, मध्ये काच. आम्ही चारपाच माणसं टिनाच्या तोंडाशी उभी होतो, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

अर्ध्या तासानं त्यांनी गाडी सुरू केली आणि बाहेर आणली. उतरून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मी म्हणालो, "रूपराव, भिंत माझी आहे. आपण ती हातभर आत घेऊ, मला काही अडचण नाही."

"नाई मास्तर. त्या भिताडाले हात नाई लावाचा."

बबनराव हळूच म्हणाले, "मी बारीक हाय जी. डाव्या आंगाले चिकटवून मी ठेवून देतो." मग तिथं दुसरं कुणी बसायचं नाही हे आठवून स्वतःच मागं सरले.

रूपराव म्हणाले, "बंडी कशी ठेवतो आपन? बैल सोडतो आन् लोटतो. कोनी बसत नाई बंडीत." त्यांनी बाहेरून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सरळ केलं, बबनरावांना विचारून गिअर मोकळा केला, आणि गाडीच्या समोर येऊन बॉनेटला हात लावले. महिनाभराची शिकवणी, सगळ्या पऱ्हाट्या आणि माझी सगळी वांगी, यांचा काही उपयोग उरला नाही, हे कुणी बोललं नाही.

बबनराव एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. शकुबाईंचा नवरा पुंडलिक. आणि आमच्या मध्ये घुसून मनकर्णाबाई.

"तू कायले?" रूपराव म्हणाले. "जड हाय."

"तवा त्याले नेतानी तुमी मले दारापासूनच वापस केलं," त्या म्हणाल्या. "बायकांनी येऊ नये म्हने. इथं त येऊ द्या."

रूपराव बाजूला सरकले. मनकर्णाबाईंनी हात टेकले. आम्ही लोटू लागलो. रिकामी गाडी आवाज न करता मागे जाऊ लागली. रूपराव मान वाकडी करून दोन्हीकडची जागा पाहत होते, "इकडं थोडी, हां, बस, येऊ द्या." कुठंही लागली नाही. मागं हातभर जागा राहिली तेव्हा ते म्हणाले, "झालं."

आम्ही हात काढले. मनकर्णाबाईंचे हात बॉनेटवरच होते.

"अजून गरम हाय," त्या म्हणाल्या.

"इंजन हाय ते," रूपराव म्हणाले. "होईन थंड."

त्या तशाच उभ्या राहिल्या. आम्ही जायला निघालो, पण रूपराव निघाले नाहीत म्हणून थांबलो. ऊन टिनावर चढत होतं. बऱ्याच वेळानं मनकर्णाबाईंनी एक हात उचलून पुन्हा ठेवला, तपासल्यासारखा. मग दोन्ही हात काढून घेतले आणि पदराला पुसत घरात गेल्या.