बीबी ते खामगाव, पंधरा मिनिटं

उत्तमराव गेले त्याला सहा दिवस झाले होते, आणि सहाही दिवस गोरीने कोणाला धार काढू दिली नव्हती. गोरी म्हणजे त्यांची म्हैस. काळीकुळकुळीत होती, नाव त्यांनीच ठेवलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन देऊन तिला मोकळं केलं आणि हे रोज करायचं नसतं हेही सांगितलं. चार महिन्यांपूर्वी तिचं वगारू, नुकतं जन्मलेलं पिल्लू, मेलं. तेव्हापासून ती फक्त उत्तमरावांच्या हाताला पान्हा सोडायची. दुसरं कोणी खाली बसलं की आधी मान वळवून बघायची, मग पाय उचलायची.

त्यांच्या बायकोची, अन्नपूर्णाबाईंची, रजा तेरवीपर्यंत होती. त्या एसटीच्या खामगाव आगारात कंडक्टर. बावीस वर्षं खामगाव ते बीबी, बीबी ते खामगाव. नाव अन्नपूर्णा असलं तरी या घरातला स्वयंपाक बावीस वर्षं उत्तमरावांनी केला. असं व्हावं अशी कोणाचीही योजना नव्हती. भरतीची जाहिरात आली तेव्हा उत्तमरावांनी अर्ज आणला, आणि चुकला तर असावा म्हणून आणखी एक आणला. पहिला चुकला नाही. मग दुसरा वाया काऊन घालायचा, म्हणून बायकोच्या नावाने भरला. महिनाभर ते थांबे पाठ करत हिंडत होते. उंचीत एका सेंटिमीटरने बाद झाले. बायकांसाठी माप वेगळं होतं.

तेव्हा त्यांची लेक संजीवनी सात महिन्यांची होती. "जाय तू," ते म्हणाले. "वर्षभर पाहू."

ते वर्ष फार लांबलं.

गणेशपूर आणि खामगावच्या मधे, रस्त्यालगत त्यांचं अडीच एकर शेत आणि शेतातच घर. दुकानातून मीठ, साखर, चहापत्ती आणि काडेपेटी एवढंच यायचं. बाकी ज्वारी, तूर, अंबाडी, वांगी, शेवगा, पपई हे सगळं घरचं. कोंबड्या होत्या, कुंपणाला कपाशीच्या वाळल्या पराट्या होत्या, त्यावर वालाचे वेल. पोरीच्या दोन वेण्या ते इतक्या घट्ट घालत की शाळेत तिचे डोळे तिरपे दिसत. माता-पालक सभेला तेच जात. बाईंनी हजेरीच्या वहीत एकदा लिहिलं होतं: उपस्थित माता तेवीस, उत्तमराव एक. पुढे दर वर्षी तोच मजकूर राहिला, फक्त मातांचा आकडा बदलत गेला.

पारावर लोक विचारत, "काय उत्तमराव, कंडक्टरीनबाई जेवल्या काय?"

"जेवल्या. तुही बायको जेवली काय?"

विचारणाऱ्याला ते बहुधा माहीत नसायचं. तो विषय बदलायचा.

ते कुठे गेले नाहीत. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातून अक्षता टाकून, पंगतीला न बसता परत आले. म्हशीची वेळ झाली होती. ही गोरी आणि हिच्याआधी हिची आई, तिच्याआधी आजी. संजीवनीच्या दुधासाठी म्हणून ती आजी आली होती. संजीवनी आता अकोल्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरी म्हैस होतीच.

अन्नपूर्णाबाई रात्री घरी आल्या की म्हणायच्या, "तुमचं बरं हाय. घरीच राह्यता." हे म्हणताना त्यांचे पाय गरम पाण्यात असत. पाणी उत्तमरावांनी तापवलेलं असे. ते म्हणत, "हाव, बरं हाय."

सहाव्या दिवशी दुपारी रवी आला. रवी उत्तमरावांचा चुलतभाऊ, गुरांची दलाली करायचा. त्याने गोरीभोवती एक चक्कर मारली, कासेकडे लांबूनच पाहिलं.

"वहिनी, उद्या सकायी गाडी आणतो."

"दुधाले घेईन काय कोणी?"

"जे देतच नाही त्याले दुधासाठी कोण घेईन. जो घेईन तो कायच्यासाठी घेईन, ते मी तुमाले काऊन सांगू." त्याने संजीवनीकडे पाहिलं. "तुमाले ड्युटी हाय, पोरीचं कॉलेज हाय. म्हशीपाशी बसाले कोण हाय आता?"

त्याचं बरोबर होतं. अन्नपूर्णाबाईंनी संध्याकाळपर्यंत ते उलटसुलट करून पाहिलं; त्यात कुठे खोट सापडली नाही. म्हैस गेली की सोमवारी संजीवनी अकोल्याला जाईल, त्या स्वतः ड्युटीवर जातील, शेत कोणीतरी बटईने, अर्ध्या वाट्यावर करेल. सगळ्यांची सोय होत होती, एका म्हशीची सोडून. आणि मनातल्या मनात, गोरी आज संध्याकाळीही अडली तर बरं, असंही त्यांना वाटून गेलं. ते वाटलं म्हणूनच त्या चरवी घेऊन उठल्या.

कुंपणापलीकडून मनकर्णाबाई बघत होत्या. त्यांचं शेत लागूनच होतं, आणि वीस वर्षं इकडचं सगळं बघणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"लुगड्यावर नोको बसू वो. त्याचा सदरा घाल."

संजीवनीने खुंटीवरचा सदरा आणला. सहा दिवस तो धुवायची हिंमत कोणी केली नव्हती. त्याला सरकीच्या ढेपेचा आणि धुराचा वास होता. अन्नपूर्णाबाईंनी तो साडीवरूनच चढवला. बाह्या बरोबर मनगटाशी आल्या. एक सेंटिमीटर काय ते कुठेतरी कमी असेल.

गोरीने सदरा हुंगला आणि पाय उचलला नाही. पण सड कोरडेच. दहा मिनिटं गेली, मांड्या भरून आल्या.

"तो म्हणे ना काहीबाही," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काय म्हणे?"

"तुह्या गाडीचे गावं. मी तं रोज आयको. मले वाटे, तुले मालूम असन."

अन्नपूर्णाबाईंना मालूम नव्हतं. संध्याकाळच्या धारेला त्या कायम गाडीत असत, आणि सुट्टीच्या दिवशी झोपेत.

"सुलतानपूर, सुलतानपूर, चला सुलतानपूरवाले," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांची सवय. गोरीने चरवी लाथाडली.

"अशी नोको वो माय. ते काय तिकीट काढून बसली हाय? तो तं पोराले झोपवल्यासारखा म्हणे. एक गाव घे अन थांबे."

संजीवनीने चरवी धुऊन आणून दिली. अन्नपूर्णाबाईंनी कपाळ गोरीच्या कुशीला टेकवलं, कारण पाठ दुखत होती.

"बीबी," त्या हळू म्हणाल्या. थांबल्या. गाडीत दोन गावांच्या मधे त्यांना कधी थांबता आलं नव्हतं. तिकिटं असायची, सुट्टे असायचे. "सुलतानपूर." गोरीचा कान हलला. "मेहकर."

मेहकरला सड भरले.

पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली, तसं कुंपणापलीकडे मनकर्णाबाईंनी नाक ओढलं. चिखलीपर्यंत आवाज जाड झाला, फेस आला. अमडापूर. उंद्री. तीन तासांचा रस्ता उत्तमराव रोज पंधरा मिनिटांत कापायचे. एवढी जलद गाडी या मार्गावर अजून आलेली नाही.

"गणेशपूर," त्या म्हणाल्या, आणि रस्त्यावर हॉर्न वाजला. एकच, आखूड. त्यांचीच गाडी. पावणेसात. या जागी ड्रायव्हर नेहमी हॉर्न द्यायचा. त्यांना वाटायचं, वळणासाठी.

"बाबा हॉर्न आयकला की उठत," संजीवनी म्हणाली. "दूध ठेवत अन भाकर टाकाले घेत. म्हणत, अर्ध्या तासात तुही माय येते."

अन्नपूर्णाबाईंना बावीस वर्षं भाकर गरम मिळाली होती. त्यांनी त्याचा कधी विचार केला नव्हता.

गाडी त्यांच्या पाठीमागून जात होती. त्यांना वळून बघायचं होतं. आत दिवे लागले असतील, कोणीतरी बदलीचा कंडक्टर दरवाज्याशी उभा असेल, मागच्या बाकावर अमडापूरच्या मास्तरणी पेंगत असतील. पण धार अर्ध्यावर होती. हात सोडला तर गोरी पान्हा चोरणार, आणि मग उद्या पुन्हा शून्यापासून. त्या म्हशीच्या पोटाकडे तोंड करून बसल्या, आणि गाडी नुसती ऐकली. वळणावर गिअर बदलला. मग काही नाही.

उत्तमरावांनी ती रोज अशीच ऐकली असणार. ज्या गाडीसाठी ते महिनाभर पाठांतर करत हिंडले, ती.

"आई," संजीवनीने विचारलं, "रवीकाकाले फोन करू? गाडी नोको आणू म्हणून?"

अन्नपूर्णाबाईंनी आणखी दोन धारा ओढल्या. गोरीची सकाळची धार पाचची. खामगावहून बीबीची पहिली गाडीही पाचलाच सुटते. ही दोन्ही वेळापत्रकं एका घरात इतकी वर्षं नांदली, कारण माणसं दोन होती.

"कर," त्या म्हणाल्या.

"अन तुही ड्युटी?"

गोरी रवंथ करत होती. तिला घाई नव्हती. तिला एक थांबा अजून यायचा होता, आणि तो आल्याशिवाय शेवटचं दूध ती देणार नव्हती.

"तू भाकरी टाकाले घे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मले जमत नाही ते." मग पुन्हा कपाळ टेकवून, हळू, पोराला झोपवल्यासारखं म्हणाल्या, "खामगाव."