पहिल्या पानावरची चौकट

माझ्या विद्यार्थिनीची वही मी शेवटून उघडली. हे कबूल करायला मला सहा वर्षं लागली.

ती श्वेत बटूंवर पीएच.डी. करत होती. सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकसत पृथ्वीएवढा उरतो, तो श्वेत बटू. त्याच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, सूर्याच्या दीडपटीहून किंचित कमी. त्यापुढे त्याला स्वतःचाच भार पेलवत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या नेहमीच्या समीकरणात अवकाशाच्या वक्रतेचं एक छोटं जादा पद घातलं, तर ही मर्यादा सरकते. वर की खाली, ते त्या पदाच्या चिन्हावर ठरतं. स्वतःभोवती फिरणाऱ्या श्वेत बटूंची मर्यादा तिला काढायची होती.

तिने वही टेबलावर ठेवली. मी थेट निष्कर्षाचं पान काढलं. पदाला वजा चिन्ह होतं, आणि मर्यादा खाली आली होती. माझ्या समजुतीने वजा असेल तर ती वर जायला हवी होती.

"मधे कुठेतरी एक वजा चिन्ह हरवलंय तुझं."

"हरवलं नाही, सर. मी वक्रता उलट्या चिन्हाने धरलीय. माझं वजा म्हणजे तुमचं अधिक."

"तारा आपली पद्धत विचारून फुटत नाही. आणि वजाबाकी दुसरीत शिकवतात."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मीही हसलो. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला असं वाक्य जमलं की दिवस बरा जातो.

आठवड्याने ती पुन्हा तेच सांगायला आली. मी वही उघडलीही नाही. वर्षअखेरच्या प्रगती अहवालात लिहिलं, 'मूलभूत गणित कच्चे.' तिची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. ती सोडून गेली. वही माझ्या कपाटातच राहिली.

यंदा खोली बदलताना ती हाती आली. पहिल्याच पानावर चौकट होती: 'या वहीत वक्रतेचे चिन्ह उलटे धरले आहे.' खाली लाल शाईच्या दोन रेघा. तीन दिवस बसून मी तिचं सगळं गणित पायरी-पायरीने करून पाहिलं. कुठेही चूक नव्हती.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. त्याच वर्षी माझ्या ओळखीच्या घरातला एक मुलगा असाच विचित्र निष्कर्ष घेऊन आला होता. त्याला मी आधी विचारलं, "चिन्हं कुठल्या पद्धतीने धरलीस?" तिला विचारलं नाही. ती बौद्ध कुटुंबातली, वडील सरकारी कचेरीत कारकून. आपण असलं काही मानत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो आहे.

ती आता वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. वही घेऊन तिथे गेलो. "कशी आहेस" म्हणालो, मग सावरून "कशा आहात" म्हणालो.

"आहेसच चालेल, सर. बसा."

"तुझं गणित बरोबर होतं."

"माहितीये."

"मग भांडली का नाहीस?"

"दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं असतं, तर तुम्ही दुसरीच्या वर्गात नेऊन बसवलं असतंत."

आपण हे तुझ्या नावाने प्रसिद्ध करू, असं मी म्हणालो.

"ते दुसऱ्या लोकांनी केव्हाच छापलं. वाचलं नाहीत?"

वाचलं होतं. वर्गात त्याचं कौतुकही केलं होतं.

"मग मी काय करू?"

"तो अहवाल माझ्या फाइलमध्ये अजून आहे. मला पुन्हा पीएच.डी.ला अर्ज करायचाय. मुलाखतीला ती ओळ आधी वाचतात." तिचा तास होता. वही उचलून ती गेली.

घरी येऊन विभागाला पत्र लिहायला बसलो. 'अहवालात चूक झाली.' वाचून पाहिलं, तर चूक आपोआप झाली होती, कुणी केली नव्हती. 'गैरसमज झाला' लिहिलं, तेही तसंच. चौथ्या मसुद्यात कुठे 'मी चूक केली' आलं. खाली कारण दिलं: मी वहीचे पहिले पान वाचले नाही. पाठवण्याआधी तिला दाखवलं.

तिचं एका ओळीचं उत्तर आलं: 'पान नंतर. मी सांगितलं होतं, ते आधी लिहा.'

'तिने मला दोनदा समजावून सांगितले. मी ऐकले नाही,' असं सगळ्यात वर लिहिलं. आणि मग, तिला काही न विचारता, का ऐकलं नाही तेही लिहायला घेतलं.