स्टॅनच्या निगेटिव्हमध्ये नसलेली बाई

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला भोळसट समजणार नाही. मी रेडिओलॉजिस्ट. एक्स-रे बघून त्यात काय आहे आणि काय नाही हे सांगायचं, यावरच आमची चूल पेटायची. भूतबाधा, अंगारे-धुपारे यांना आमच्या घरात एंट्री नव्हती... आजही नाही. तरी हे लिहितोय.

१९९१ची गोष्ट. आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊ गावात नवीनच राहायला आलो होतो. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये होते, त्यामुळे वाफेच्या इंजिनांचं वेड लहानपणापासूनचं. स्लाऊला रेल्वेप्रेमींचा एक ग्रुप सापडला आणि मी खूश. महिन्यातून एका शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये जमायचं — चहा, बिस्किटं, जुने फोटो आणि ‘हे इंजिन कुठल्या शेडचं’ यावर तावातावाने भांडणं! या मंडळींचा एक अलिखित नियम होता. फोटोत माणूस नको. इंजिनाचा नंबर स्पष्ट हवा, प्लॅटफॉर्म रिकामा हवा. मध्ये कोणी कडमडलं की फोटो वाया गेला म्हणायचं. मीही याच पंथातला.

ग्रुपमध्ये स्टॅन होता, रिटायर्ड पोस्टमन. त्याची बायको मॉरीन आयुष्यभर त्याच्याबरोबर स्टेशनं हिंडली, चहाचा थर्मास घेऊन. ‘लव्ह, जरा बाजूला’ म्हटलं की बिचारी सरकायची. मी ग्रुपमध्ये गेलो त्याच्या दोनच महिने आधी ती वारली होती. म्हणजे मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

एका शनिवारी स्टॅन मला कोपऱ्यात घेऊन गेला. त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगतो. “डॉक्टर, लग्नाच्या फोटोनंतर तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे. सगळे रोल इंजिनांवर घालवले. आता डोळे मिटले की इंजिनांचे नंबर दिसतात, पण तिचा चेहरा येत नाही हो. शेवटी शेवटी कशी दिसायची... तेच विसरत चाललोय. कुठल्या निगेटिव्हच्या कडेला चुकून आली असेल तर बघाल?”

मी निगेटिव्हचे चार खोके घरी आणले आणि रोज संध्याकाळी भिंगाखाली घालून बघितले. एकात बाईचं कोपर दिसलं, एकात बास्केट. चेहरा कुठेच नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून स्टॅन-मॉरीनच्या आवडत्या स्टेशनवरची एक निगेटिव्ह निवडली. १९६२ सालची, वेल्समधली. पाणी भरत उभं असलेलं इंजिन, मागेपुढे कोणी नाही. भिंगाखाली दोनदा खात्री केली आणि वहीत लिहिलं — ‘माणूस नाही’.

माझी डार्करूम जिन्याखाली होती. निगेटिव्हमधून फोटोच्या कागदावर उजेड पाडला आणि कागद डेव्हलपरच्या द्रावणात टाकला. आधी इंजिन उमटलं... आणि मग त्याच्यापुढे, बरोब्बर नंबर झाकून, एक म्हातारी! पांढरे आखूड केस, कार्डिगन, साखळीला अडकवलेला चष्मा. कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

घाबरलो वगैरे नाही, चिडलो. माझी बायको सुधा म्हाताऱ्यांच्या डे सेंटरमध्ये काम करायची आणि तिथले फोटो घरीच प्रिंट करायची. तिनेच एखाद्या फोटोसाठी आधीच उजेड पाडलेला कागद चुकून परत कोऱ्या कागदांच्या पाकिटात ठेवला असणार.

“सुधा, अगं कागद वापरून परत का ठेवतेस?”

“अहो, ख्रिसमसपासून मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही! आणि हे पाकीट परवा तुम्हीच आणलंत ना हाय स्ट्रीटवरून?”

मी काही तिचं ऐकलं नाही. दुसरा कागद घेतला, झकास स्वच्छ प्रिंट आला. फोटो दुमडू नये म्हणून तो खराब कागद त्याच्यामागे घातला आणि रविवारी दुपारी स्टॅनकडे गेलो.

त्याने दोन्ही कागद बाहेर काढले. मागचा हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“सॉरी, तो वाया गेलेला आहे,” मी म्हटलं. “कोणी आजीबाई मध्ये आल्यात.”

“ही मॉरीन आहे.”

“बासष्ट साली? तेव्हा त्या तिशीत असतील ना?”

“हो. पण हा कार्डिगन मी तिला गेल्या ख्रिसमसला दिला होता.”

त्यानंतर मी स्वस्थ बसलो नाही. त्याच निगेटिव्हचे ढीगभर प्रिंट काढले, प्रत्येकात प्लॅटफॉर्म रिकामाच. डे सेंटरचे सगळे फोटो तपासले, मॉरीन तिथे कधी गेलीच नव्हती. डबल एक्स्पोजर, म्हणजे एकाच कागदावर दोन फोटो पडले म्हणाल, तर त्याला तिच्या फोटोची दुसरी निगेटिव्ह लागते आणि तशी निगेटिव्हच या जगात नाही. सुधाची माफी मागितली, ते वेगळंच. मी आयुष्यभर फिल्म वाचल्या आणि माझं वाचन बरोबर होतं, निगेटिव्हमध्ये बाई नाही. मग कागदावर कुठून आली? मला माहीत नाही.

त्या रविवारी त्याच्याकडून निघताना स्टॅनने नंबर स्पष्ट दिसणारा तो चांगला प्रिंट माझ्या हातात परत दिला.

“हा तुम्हीच ठेवा, डॉक्टर. याच्यात काहीच नाहीये.”

एवढं इंजिनवेडं माणूस असं म्हणालं, आणि मला रडू आवरेना.