खालांना मोर आवडत नसत

खालांबरोबर बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप असायचा. औरंगपुऱ्यात भर गर्दीत त्या मध्येच थांबायच्या. मागून रिक्षावाला ओरडतोय, "ओ खाला, सरको ना!" आणि या एखाद्या शटरवरचा गंज बघत उभ्या. भाजी घेताना चांगला फ्लॉवर बाजूला सारून अळीनं खाल्लेल्या पानांचा उचलायच्या. भाजीवाल्यानं त्यांना ओळखून ठेवलं होतं. "खाला, आज खास तुमच्यासाठी किडका माल काढून ठेवलाय," म्हणायचा. मी शरमेनं दुसरीकडं तोंड करायची. घरी आल्यावर ते जाळीदार पान टाचणीनं अड्ड्याच्या लाकडाला लागायचं आणि वाळून चुरा होईपर्यंत तिथंच राहायचं. किडका फ्लॉवर निवडायचं काम मात्र माझं.

खाला आरीकाम करायच्या. ब्लाऊजचं कापड ज्या लाकडी चौकटीवर ताणून बसवतात तिला अड्डा म्हणतात. आरी म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. एका हातानं वरून आरी चालवायची, दुसऱ्या हातानं खालून दोरा पुरवायचा. अड्ड्याच्या एका बाजूला खाला, समोर मी. आमचं माहेरचं घर मेंढपाळाचं. चौथीनंतर मी मेंढरांमागं गेले, लग्न होऊन शहरात आले आणि लोकांची धुणीभांडी करू लागले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. धुण्याभांड्यात घर बदललं की नवी बाई, नवे प्रश्न. मग खालांच्या अड्ड्यावर आले, तिथं ते नव्हतं. मान खाली घालून दिवस काढता यायचा. औरंगपुऱ्यातलं एक साडीचं दुकान आम्हाला ब्लाऊज पाठवायचं, त्यावर दोघींचं चालायचं. दुकानवाल्यानं हात आखडला तर मला पुन्हा दारोदार फिरावं लागणार होतं. ही भीती मला रोज असायची. खालांना एक दिवसही नाही.

आरीचा टाका साखळीचा असतो. दोऱ्याचं टोक सापडलं की ओढताच सगळं सरसर उसवतं. खालांना ते टोक फार लवकर सापडायचं. मी दुपारभर डोळे फोडून वेल भरावी आणि नमाज आटोपून त्यांनी येऊन बघावी.

"सुमन, ये बेल सो रही है."

"खाला, कापडावरची वेल आहे. झोपणारच."

"बाहर जा के देख. नालीपाशी कारल्याची वेल है ना? कैसी तारेला धरून चढती बघ. गिरने का डर है उसको. तुझ्या वेलीला कशाची भीती आहे?"

आणि सर्र.

वेलीला नसेल, मला आहे, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. उद्या दुकानवाला येणार, त्याला काय दाखवू? पण मी पुन्हा दोरा ओवायची. बाहेर जाऊन कारल्याची वेलही बघून यायची. ती खरंच घाबरलेली दिसायची, याचा मला आणखी राग यायचा.

दुकानानं पाठवलेली गिऱ्हाइकं मोबाईल पुढं करायची, त्यात मोर. बाहीवर मोर, पाठीवर मोर, गळ्याशी दोन मोर. खालांचं तोंड कडू व्हायचं. "सबको मोर होना. देखा किसने है?"

"मी पाहिलाय," एकदा मी धीर करून म्हणाले. "मेंढरांमागं असताना रोज दिसायचे."

"अच्छा? पाय कसे असतात त्याचे?"

मला काही आठवेना.

"तो फिर तूने भी नहीं देखा," म्हणाल्या आणि मोराच्या जागी अळीनं खाल्लेलं पान भरायला बसल्या. कुणाला ते आवडायचं, पुष्कळजणी नाक मुरडत घेऊन जायच्या. शेवटी दुकानवाला बजावून गेला, "खाला, फोटो में जो है वही बनाओ. अब फिर नहीं बोलूंगा."

त्यानंतर गंगापूरकडची एक नवरी आईबरोबर आली. डाळिंबी रंगाचं कापड, बाह्यांवर मोर हवे. दिवस थंडीचे होते. त्याच आठवड्यात खाला भाचीला भेटायला गंगापूरला गेल्या आणि परत आल्या त्या चप्पल न काढताच अड्ड्यापाशी आल्या. "सुमन, ऊस के ऊपर चांदी आयी है! पूरे रास्ते!"

"खाला, तो तुरा. तो चांगला नसतो. ऊस वेळेवर तुटला नाही, रानात उभा राहून थकला की तुरा येतो. आतून पोकळ होतो. शेतकऱ्याचा जीव जातो तो बघून."

"उसका जाता होगा. मेरा तो आया."

"त्या पोरीचं लग्न आधीच लांबलंय, खाला. तिच्या घरचे ऊसवाले. बाहीवर तुरा बघून काय म्हणतील?"

त्यांचा खडू डाळिंबी कापडावर चालायला लागला होता. मी किती बोलले! एवढं मी जन्मात कुणाला बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली नाही. बाह्यांवर रुपेरी तुरे उठले, सगळे एका अंगाला झुकलेले. कापडावर वारा काढता येत नाही, पण तिथं तो होता. मी रागात होते, तरी सारखी नजर तिकडंच जायची.

नवरीची आई आली, तिनं कापड उजेडात धरलं आणि मटकन बसली. "अवं, ह्यो तर तुरा हाय! आमच्या पोरीला तुरा आला म्हंता व्हय तुमी? गावात लोकं तेच बोलत्यात, आता बाहीवर काढून द्या!"

नवरीनं एका बोटानं तुरा चाचपला. "आई, छान आहे गं."

"तू गप! सगळा मांडव ऊसवाल्यांचा हाय. हसत्याल त्ये!"

तिनं तिथूनच दुकानात फोन लावला. दुकानवाल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. लग्नाआधी मोर झाले नाहीत तर यापुढं एकही ब्लाऊज येणार नाही.

आता खाला भांडणार, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग नवरीच्या आईला म्हणाल्या, "फोटो दाखवा."

तुऱ्याचं टोक त्यांनीच शोधलं आणि ओढलं. रेशमात सुईची भोकं राहतात. ती त्यांनी नखानं घासून घासून बुजवली आणि वर मोर भरले. इतके देखणे मोर मी कुणाच्या हातचे बघितले नाहीत. मला रडू येईल एवढा संताप आला. एवढं येत होतं तर इतकी वर्षं माझा जीव टांगणीला का लावला? फोटोतल्या मोरांना पाय नव्हते. खालांनीही काढले नाहीत.

मग काम भरपूर आलं. मला हवं होतं तसंच. खाला फोटो बघायच्या आणि तसंच भरायच्या. बाजारात माझ्याबरोबर सरळ चालायच्या. माझं काम उसवणंही थांबलं. मीच एकदा म्हणाले, "खाला, वेल झोपलीय का बघा ना."

"अच्छी है," त्या न बघताच म्हणाल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढं त्यांना जवळचा दोरा दिसेनासा झाला आणि मुलगी त्यांना परभणीला घेऊन गेली. मी आता त्या दुकानाच्या माडीवर बसते. माझ्या वाट्याला मोरांच्या शेपट्या असतात. परवा खालांना फोन केला.

"काय करताय?"

"कुछ नहीं. बैठी हूँ."

"खिडकीतून काय दिसतं?"

"दीवार है. और क्या दिखेगा?"

मला एकदम चीड आली. माडीवर सगळ्या बायका ऐकत होत्या, तरी मी मोठ्यानं बोलले. "भिंत कशी आहे, खाला? नीट बघून सांगा!"

तिकडं मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गीली है," खाला म्हणाल्या. "ऊपर से शेवाळ उतरलंय. रुक... सीधा नहीं उतरा. बीच में किसी ने खिळा ठोका है, तिथं दोन रस्ते झाले..."

मला संध्याकाळच्या आत दोन शेपट्या संपवायच्या होत्या. मी आरी खाली ठेवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.