लताबाईंच्या खिळ्यावरच्या पिशव्या

आमच्या अमेरिकेतल्या, हर्नडनच्या घराच्या बेसमेंटात दोनच गोष्टी साचतात: जुने मॉनिटर आणि लताबाई सिस्टरांचे किस्से. मॉनिटर नवरा अधूनमधून फेकून येतो. किस्से वाढतच चाललेत.

लताबाई गडचिरोलीकडच्या एका लहानशा दवाखान्यात टीबीचे पेशंट सांभाळतात. सहा महिने गोळ्या, आणि मधेच सोडल्या तर आजार आणखी चिवट होऊन परत येतो. कुणी सोडू नये म्हणून आम्ही इथून फुकटात सॉफ्टवेअर करून दिलं. कोडिंग मूळच्या नागपूरच्या, आता इथे आमच्या शेजारी राहणाऱ्या मंदारचं. टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणं, माझ्याकडे. लग्नाला वीस वर्षं झालीत, प्रॅक्टिस आहे.

* * *

पहिल्या फॉर्ममध्ये इमेल कंपलसरी होता. लताबाईंना जगात एकच इमेल माहीत, मंदारचा. त्यांनी तोच सगळ्या पेशंटना लावला. रोज सकाळी मंदारला तीस मेल: 'आजची गोळी घेतली का?'

चौथ्या दिवशी म्हणाला, "काकू, यार, आता मलाच खोकला यायला लागलाय."

मी बेचाळीसची, तो बत्तीसचा. तरी काकू.

* * *

"सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा कसं करायचात?" मी एकदा फोनवर लताबाईंना विचारलं.

"भिंतीवर खिळे आहेत. प्रत्येकाच्या नावाची त्या दिवसाच्या गोळ्यांची पिशवी, ज्याची त्याने येऊन न्यायची. संध्याकाळी जी लटकलेली दिसेल, त्या घरी जायचं."

मंदारने फोनचा स्पीकर बंद केला. मग म्हणाला, "आपण हेच बनवलंय ना, काकू? फक्त आपल्याला वीज लागते."

* * *

सुकमाबाई नावाची पेशंट. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडून धानकापणीला दुसऱ्या गावी निघून गेली. आमच्या स्क्रीनवर 'चालू' हिरवं, 'सोडली' लाल. तिचं नाव लाल झालं. शनिवारी आम्ही मीटिंग घेतली: लाल फार भडक दिसतोय, केशरी करावा का? एकमत होईना, म्हणून लताबाईंना फोन लावला.

"कोणताही ठेवा. मी कालच जाऊन आले. ती गोळ्या गिळेपर्यंत बांधावरून उठलेच नाही. आता कापणी संपेपर्यंत दिवसाआड जायचं."

एसटी सोडल्यावर ते शेत दोन तास पायी. हे नंतर तिथल्या डॉक्टरांकडून कळलं.

* * *

मग चार-पाच महिन्यांनी व्होल्टेज वाढून तिकडचा कॉम्प्युटर जळाला. तिकडचं नेट महिनाभर बंद, त्यामुळे ताजी यादी त्यातच. माझ्याकडे होती ती महिन्यापूर्वीची प्रिंट. फोन लावून मी एका दमात तीनदा सॉरी म्हटलं.

"घाबरता काय, ताई? लिहून घ्या." लताबाई घरी तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता नाव, गाव, कितवा महिना, कोण गोळी जिभेखाली लपवतो, सगळं सांगत गेल्या. मी टाइप करत गेले. मंदार हातातला चहा प्यायचा विसरला.

मी प्रिंटशी ताडून पाहिलं. टेस्टरला हवं ते शेवटी सापडलंच.

"सिस्टर, एक नाव राहिलं. सुकमाबाई."

"राहिलं नाही. तिची पिशवी मी काल उतरवली. आज बाकीच्यांच्या पिशव्या घेऊन तीच गेलीय गावांत." सूप आपटल्याचा आवाज आला. "बरं ताई, नवा कॉम्प्युटर आला की तेवढं दाखवा, 'बरी झाली' कुठे लिहायचं? मागच्यात मी लई शोधलं."